पाण्याने कोरलेली लेणी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या देखाव्यात गुहा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली आहे. पोती चुन्यात आणि रंगात बुडवायची, बांबूच्या सांगाड्यावर टाकायची, आत निळा बल्ब लावायचा, की झाली गुहा. आम्हीही लहानपणी अशा गुहा केल्या. पण खरी गुहा, म्हणजे माणसाने न कोरलेली, निसर्गाने केलेली गुहा, आम्ही वयाची चाळिशी उलटेपर्यंत पाहिली नव्हती. गेल्या नाताळच्या सुट्टीत ती पाहिली. त्या सहलीबद्दल चार शब्द बोलावेत असा मंडळाचा आग्रह झाला, म्हणून उभे आहोत. सहलीत आमच्याकडून एक चूकही झाली. तीही सांगणार आहोत, कारण ती न सांगता नुसतं कौतुक केलं तर हे बोलणं अर्धवट राहील.

गुहा आहे बेलमची. आंध्र प्रदेशात, पूर्वीच्या कर्नूल आणि आताच्या नंद्याल जिल्ह्यात, कोलिमिगुंडला गावाजवळ. बेळगावहून हुबळी, गदग, कोप्पळ, होसपेट, बळ्ळारी, गुंतकल, गुत्ती, ताडिपत्री असा रस्ता, साधारण पावणेपाचशे किलोमीटर. आम्ही म्हणजे आमचं पाच माणसांचं घर आणि निपाणीचे आमचे साडू, त्यांचं चौघांचं घर. नऊ माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, आणि धपाटे, शेंगाचटणी, चिरमुऱ्याचा चिवडा. आमच्या आईचं वय चौऱ्याहत्तर. तिला न्यावं की नको यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तीच म्हणाली, "गुडघे माझे आहेत, मी बघून घेते."

आता प्रश्न असा, की लेण्यांना तोटा नसलेल्या मुलखातल्या माणसांनी गुहा बघायला इतक्या लांब का जावं? अजिंठा-वेरूळ आहे, बदामी तर आपल्या हाकेवर आहे. याचं उत्तर दगडात आहे. आमचं नोकरीतलं सगळं आयुष्य खडी आणि मुरुमात गेलं, त्यामुळे दगडाबद्दल थोडं बोलण्याचा हक्क आहे असं समजतो.

बेळगाव-निपाणीचा आपला पट्टा म्हणजे लाव्ह्याचा काळा कातळ आणि त्यावर जागोजागी जांभा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो रस बाहेर आला, तो थंड होऊन हा कातळ झाला. तो पाण्याने झिजतो, पण पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडची लेणी छिन्नी-हातोड्याची. अजिंठ्यात काळा कातळ फोडला, बदामीत तांबडा वालुकाश्म. विरघळणारा दगड म्हणजे चुनखडी. ती जिथे जाड थरात आहे तिथे पाणी स्वतःच लेणं कोरतं. आपल्या जवळपास तसं काही बघायचं तर दांडेलीच्या जंगलातली कवळा गुहा आहे. तिथे चुन्याच्या ठिबकण्यातून तयार झालेलं शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला लोक जातात. पण ती गुहा लहान. मोठी बघायची तर विशाखापट्टणमकडची बोरा, बस्तरमधली कुटुमसर, मेघालयातल्या मैलोन्‌मैल लांबीच्या गुहा, नाहीतर ही बेलम.

आणि बेलमचा दगड आपल्याला अनोळखी नाही, हे आम्हाला ताडिपत्रीच्या अलीकडे कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडाच्या लाद्यांच्या थप्प्याच थप्प्या, आणि त्या कापणाऱ्या, घासणाऱ्या मशिनींचा आवाज. साडूंनी दोनच वर्षांपूर्वी निपाणीत घर बांधलं. त्यांनी काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "अहो साडूभाऊ, हा तर आमच्या ओट्याचा दगड की!" खरंच होतं. आपण ज्याला 'कडप्पा' म्हणतो, ज्याच्यावर आपल्या घराघरात पोळ्या लाटल्या जातात, तो हाच. कडप्पा जिल्हा तिथून लागूनच आहे. तो दगड म्हणजे काळसर चुनखडी, वयाने आपल्या कातळापेक्षा कित्येक पटींनी जुनी. शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीच.

तेव्हा मागच्या सीटवरून आई म्हणाली, "म्हणून त्यावर लिंबू चिरून ठेवलं की पांढरा डाग पडतो होय?" बंधुभगिनींनो, गुहा कशी होते याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. आईने आयुष्यभर सुनेला, मुलाला, नातवंडांना ओरडून सांगितलं, ओट्यावर लिंबू ठेवू नका, चिंचेचं पाणी सांडू नका. आंबट पदार्थ चुनखडीला खातो. पावसाचं पाणीही किंचित आंबट असतं. सोड्याच्या बाटलीत जो वायू असतो, तो पावसाचं पाणी हवेतून थोडा आणि मातीतून जास्त उचलतं. ते पाणी चुनखडीच्या बारीक चिरेत शिरतं आणि दगड कणाकणाने खातं. हजारो, लाखो वर्षं हेच चालू राहिलं, की चिरेची वाट होते, वाटेचा बोगदा होतो, बोगद्याचा सभामंडप होतो.

खाल्लेला चुना जातो कुठे? तो पाण्यातच असतो. ते पाणी गुहेच्या छतातून ठिबकायला लागलं, की त्यातला वायू हवेत उडून जातो आणि पाण्याला चुना धरून ठेवता येत नाही. तो थेंबामागे एक पुसटसा थर ठेवून जातो. आपल्याकडे बोअरचं पाणी तापवलेल्या बंबात पांढरा पापुद्रा धरतो, तसंच. त्यातून छताला सुळके लोंबतात, आणि थेंब खाली पडतो तिथे जमिनीतून दुसरा सुळका वर येतो. दोन्ही भेटले की खांब. याची गती सर्वसाधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग, कधी थोडी कमी, कधी जास्त. म्हणजे एक सेंटिमीटर वाढायला शंभर वर्षं. हा हिशोब कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गुहेशी आपल्या भागाचा आणखी एक धागा आहे. बेलमची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा केली ती रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने, १८८४ साली. हेच फूटसाहेब त्याआधी आपल्याकडे पायपीट करून गेले होते. ज्या मुलखाला तेव्हाचे इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, म्हणजे बेळगाव, धारवाड, कलादगी हा आपला प्रदेश, त्याच्या भूरचनेवर त्यांचा मोठा ग्रंथ १८७६ साली निघाला. गोकाकजवळ चिकदौली येथे त्यांना गेंड्याचे जीवाश्म सापडले आणि त्यावर त्यांनी १८७४ साली लिहिलं. होय, गेंडा! घटप्रभेच्या काठी एके काळी गेंडे चरत होते. गोकाकच्या धबधब्यावर आपण कणसं खात फोटो काढतो, पण ही गोष्ट आम्हाला चाळिशीपर्यंत कुणी सांगितली नव्हती, म्हणून आज तुम्हाला सांगितली.

फूटसाहेबांच्या नोंदीनंतर जवळजवळ शंभर वर्षं बेलमकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९८२ ते १९८४ या काळात डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने आत सरपटत, वाकत जाऊन तिची मोजणी केली. लांबी भरली ३२२९ मीटर. पुढे आंध्रच्या पर्यटन महामंडळाने वाटा, पायऱ्या, दिवे केले आणि २००२ साली गुहा लोकांना खुली झाली. त्यातली सुमारे दीड किलोमीटर वाट आपल्याला चालता येते.

आता प्रत्यक्ष गुहेकडे येऊ. आमची समजूत अशी की गुहा म्हणजे डोंगर हवा. तिथे डोंगर नाहीच. सपाट रान, खुरटी झुडपं, बाहेर बुद्धाचा एक मोठा पांढरा पुतळा. एके काळी बौद्ध आणि जैन साधू या गुहांत राहत असत. मुलं विचारायला लागली, "गुहा कुठाय?" गुहा पायाखाली होती. विहिरीसारखा एक गोल खड्डा, त्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या संपल्या आणि उजेडही संपला.

आत थंडगार असेल म्हणून आईला शाल दिली होती. ती पाच मिनिटांत काढावी लागली. आत दमट उकाडा, अंगाला घामाच्या धारा. बाहेरची हवा आत सोडण्याची सोय केलेली आहे, त्या ठिकाणी उभं राहिलं की बरं वाटतं. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात भिंती सोन्याच्या वाटतात. भिंतींना पन्हाळ्या पडल्यासारखे गुळगुळीत घाट आहेत. वाहत्या पाण्याने हात फिरवून ठेवलाय हे सांगावं लागत नाही. सुरुवातीलाच सिंहद्वार आहे, दगडाची कमान, नीट बघितलं तर सिंहाचं तोंड दिसतं. आई तिथपर्यंत आली. पुढे वाट वाकून जायची होती. ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही जा, मला इथलं पुष्कळ झालं." आमच्या मेहुणी तिच्याजवळ हवेच्या झोताशी बसल्या. पंधरा मिनिटांनी दोघी सावकाश वर गेल्या. हे मुद्दाम सांगतो. ज्येष्ठांना न्यायला हरकत नाही, पण कुठे थांबायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.

आमचा वाटाड्या तेलुगू बोलणारा. आम्हाला तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही. मग दोघांचं जमलं ते कन्नडमध्ये, त्याची मोडकी, आमची जरा बरी. सीमाभागात राहण्याचा हा फायदा. त्याने कोटिलिंग दाखवलं, जिथे छतापासून जमिनीपर्यंत सुळक्यांची गर्दी आहे आणि त्यांतली कित्येक लिंगासारखी दिसतात. वडाच्या पारंब्यांसारखा एक खांब दाखवला. हजार फण्यांचा नाग वाटावा असं छत दाखवलं. ध्यानमंदिर दाखवलं, तिथे दगडाचीच गादी आणि दगडाचीच उशी आहे. सर्वांत खाली पाताळगंगा. गुहेच्या तोंडापासून सुमारे ४६ मीटर खोल, म्हणजे चौदा-पंधरा मजले उतरून गेल्यासारखं. तिथे पाण्याचा एक छोटा झरा बारा महिने वाहतो आणि दगडात नाहीसा होतो. ज्याने हे सगळं कोरलं तो कारागीर अजून कामावर आहे, असं वाटून आम्ही हात जोडले.

आणि मग सप्तस्वरांची गुहा. तिथे लोंबणाऱ्या सुळक्यांवर हलकेच टिचकी मारली की नाद निघतो, प्रत्येकाचा वेगळा. वाटाड्याने बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून दाखवलं. मुलं खूश. साडूंनी वाजवलं, आम्ही वाजवलं, मोबाईलवर व्हिडिओ झाले. "वाजव की तूपण," असं आमच्या आठवीतल्या मुलाला आम्हीच म्हणालो. वाटाड्या म्हणत होता, "सर, मेल्लगे, मेल्लगे," म्हणजे हळू. आमचं लक्ष कॅमेऱ्याकडे.

दुपारी बाहेर आलो. संध्याकाळी ताडिपत्रीत पेन्ना नदीकाठचं बुग्गा रामलिंगेश्वराचं मंदिर पाहिलं. विजयनगरच्या काळातलं, दगडावरचं काम असं की मान दुखेपर्यंत बघावं. बुग्गा म्हणजे झरा. तिथे लिंगापाशी सतत पाणी असतं. दिवस फार चांगला गेला.

रात्री लॉजवर सौ. कपड्यांच्या घड्या करत होत्या. मुलाच्या पँटच्या खिशातून एक तुकडा पडला. बोटाएवढा, सात सेंटिमीटरचा, वर मातकट आणि तुटलेल्या बाजूला पांढरा, साखरेसारखा चमकणारा. आधी तो म्हणाला, खाली पडलेला होता. मग रडायला लागला. सप्तस्वर गुहेच्या पुढच्या वळणावर त्याने एका बारीक सुळक्यावर पाण्याच्या बाटलीने वाजवून बघितलं होतं, आणि तो तुटला होता. भीतीने त्याने तो खिशात घातला होता.

आम्ही रागावलो, आवाज चढला. तेव्हा तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना बाबा, वाजव म्हणून." खोलीत सगळे गप्प झाले. साडू समजुतीने म्हणाले, "जाऊ दे हो साडूभाऊ. तिथे हजारो आहेत. शोकेसमध्ये ठेवा, आठवण राहील." आमच्याही मनात क्षणभर तेच आलं होतं, हे कबूल करतो.

मघाचा हिशोब आठवा. सात सेंटिमीटर म्हणजे सातशे वर्षं. नेमकं वय कुणी तज्ज्ञच सांगेल, पण ढोबळ हिशोब तोच. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. त्या सुमाराला जो थेंब पहिल्यांदा तिथे थांबला असेल, त्याच्यावर थेंब साचत साचत एवढं झालं आणि आमच्या घरातल्या बाटलीच्या एका टोल्याने संपलं. हे आम्ही मुलाला सांगितलं. आई कॉटवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "ओट्यावर लिंबाचा डाग पडला तर मी आठवडाभर बोलायची. आणि तिथे तुम्ही मोठी माणसंच टकटक करत होता. पोरानं वेगळं काय केलं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून बेळगाव गाठायचं ठरलं होतं, कारण त्याच्या पुढच्या दिवशी सगळ्यांचीच कामं होती. बेलम उलट्या दिशेला तीस किलोमीटर. जाऊन येऊन अर्धा दिवस. ड्रायव्हर कुरकुरला, साडूंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मग तेच म्हणाले, "चला, देऊनच येऊया. नाहीतर हा पोरगा गुहा म्हटलं की एवढंच आठवेल." आम्ही गेलो.

कालचाच वाटाड्या भेटला. मुलाने स्वतः तुकडा त्याच्या हातात दिला. आम्ही आमची मोडकी-तोडकी माफी मागितली आणि चूक आमचीही आहे हे सांगितलं. दंड असेल तर भरतो म्हणालो. त्याने तुकडा तळहातावर फिरवून बघितला. म्हणाला, "हा आता परत लागायचा नाही. पण आणून कुणी देत नाही, सर." मग त्याने मुलाला खाली नेलं, आम्हीही मागून गेलो. एका बोळात थांबून त्याने हात उंच केला आणि छताकडे बोट दाखवलं. काल आम्ही त्याच वाटेने गेलो होतो, पण हे बघितलं नव्हतं. जिथपर्यंत माणसाचा हात पोचतो, तिथपर्यंतच्या कित्येक सुळक्यांना टोकं नाहीत. त्याच्या वर सगळे धडधाकट. जणू कुणी दोरी धरून रेघ मारली आहे. हात पोचतो तिथवर माणूस, आणि त्याच्या वर गुहा.

आमचा मुलगा त्या रेघेकडे बराच वेळ बघत होता. परतीच्या वाटेवर गुत्ती येईपर्यंत बोलला नाही. नंतर त्याने एकच विचारलं, "तिथे परत थेंब पडेल ना?" पडेल, असं आम्ही सांगितलं, आणि ते खरं आहे. जिथून पाणी येतं ती वाट बुजली नसेल तर तुटलेल्या जागी पुन्हा थर धरायला लागतो. पण तो आमच्या हयातीत नखाएवढाही होणार नाही.

घरी आल्यावर आम्ही याबद्दल थोडं वाचलं. तोडणं हा एकच प्रकार नाही. नुसता हात लावला तरी हाताचं तेल दगडाला लागतं, तिथे पाणी नीट पसरत नाही, चुना बसत नाही आणि जागा काळी पडते. सतत दिवे असले की त्यांच्याभोवती हिरवट शेवाळ धरतं. गर्दीच्या श्वासाने आतली हवा बदलते. म्हणजे नुसतं जाणं हेसुद्धा थोडं घेणंच आहे. म्हणून जाऊच नये असं आम्ही म्हणणार नाही. बघितल्याशिवाय जपावंसं वाटत नाही. पण हात खिशात ठेवून बघावं, आणि पोरांच्या आधी आपले ठेवावेत.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात रायलसीमेचं ऊन सोसत नाही. सुती कपडे आणि न घसरणारी पादत्राणं घाला. आत दीड-दोन तास लागतात. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा. मुक्कामाला ताडिपत्री सोयीची. मुंबई-चेन्नई मार्गावरचं रेल्वे स्टेशन तिथे आहे. एक दिवस जास्त असेल तर पेन्ना नदीने कापलेली गंडिकोट्याची दरी आणि यागंटीचं मंदिर बघा.

शेवटचं सांगतो. यंदा आमच्या घरच्या गणपतीला मुलांनी गुहेचाच देखावा केला आहे. रद्दी भिजवून, लगदा करून, काठ्यांवर लावून सुळके केलेत. थर्माकोल नाही. आमच्या आठवीतल्या, म्हणजे आता नववीतल्या, चिरंजीवांनी एका सुळक्याचं टोक मुद्दाम तुटकं ठेवलं आहे. दर्शनाला येणारे विचारतात, हे मोडलं कसं? तो स्वतः सांगतो. आम्ही मध्ये बोलत नाही. फक्त तो "बाबाच म्हणाले होते वाजव" इथे आला, की आम्ही चहा आणायच्या निमित्ताने आत जातो, आणि आई ओट्यापाशी उभी राहून हसत असते.

आपण सर्वांनी दर्शनाला जरूर यावं. बोलण्यात काही चुकलं असल्यास सांभाळून घ्यावं. 

गणपती बाप्पा मोरया!